रुग्ण उतरल्यानंतरचा अर्धा तास



  मी बोलणार आहे ते अशा माणसांबद्दल, जी व्याख्यानाला सहसा येत नाहीत. आली तरी मागच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरून बसतात, कारण फोन कधी वाजेल याचा नेम नसतो. रुग्णवाहिकेचे चालक आणि तिच्यावरचे डॉक्टर. या माणसांना रुग्णापासून काय लागू शकतं, आणि ते लागू नये म्हणून आपण त्यांच्या हाती काय देतो, एवढाच माझा विषय. संयोजकांपैकी एकांनी मला विचारलं, ‘‘डॉक्टर, विषय जरा कोरडा नाही का?’’ म्हटलं, रक्त, थुंकी, उलटी आणि बाळंतपणाचं पाणी. यात कोरडं काय आहे? (हशा)

सुरुवात सव्वाशे वर्षं मागे जाऊन करतो. १८९७ साल. पुण्यात प्लेग. हडपसरजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी रुग्णांसाठी दवाखाना उघडलेला. मुंढव्याचा एक मुलगा प्लेगनं आजारी आहे असं कळल्यावर सावित्रीबाई फुले स्वतः तिकडे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यांनाही प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. आपण ते त्यागाची गोष्ट म्हणून ऐकतो आणि ते योग्यच आहे. पण दवाखान्यात नोकरी केलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. रुग्णाला उचलून आणणारं माणूस त्या रुग्णाच्या आजारानं गेलं. आज ज्याला आपण रुग्णवाहिका म्हणतो ते काम त्या दिवशी एका साठी ओलांडलेल्या बाईच्या पाठीनं केलं.

त्या वेळी बचावाचं साधन होतं का? प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. जंतुशास्त्रज्ञ हाफकिननी प्लेगची लस मुंबईत १८९७ च्या जानेवारीत स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली होती. पण उंदराच्या पिसवेचा संबंध पॉल-लुई सिमाँनं कराचीत दाखवला तो १८९८ मध्ये. म्हणजे कशापासून सांभाळायचं हेच माहीत नव्हतं. त्याच १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारनं साथरोग कायदा आणला. घरात शिरायचे, माणसं वेगळी काढायचे अधिकार त्यानं दिले. चांगल्या हेतूनं काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, हेही त्यात आलं. रुग्ण उचलणाऱ्या माणसाचं काय? त्याच्याबद्दल त्या कायद्यात अक्षर नाही. त्याच कायद्यात आरोग्यसेवकांच्या संरक्षणाचं कलम आलं ते २०२० मध्ये, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, एकशे तेवीस वर्षांनी. आणि तेही संरक्षण कशापासून? लोकांच्या मारहाणीपासून. जंतूंपासून नव्हे. (स्तब्धता)

आता आजच्या, आपल्या मावळातल्या कार्ल्याकडे येतो.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. ९३७ गाड्यांनी ती सुरू झाली. प्रत्येक गाडीवर डॉक्टर असतो, हे महाराष्ट्राचं वेगळेपण, आणि तो डॉक्टर बहुधा आयुर्वेदाचा पदवीधर तरुण किंवा तरुणी असते. त्याखेरीज प्राथमिक आरोग्य केंद्राची १०२ ची गाडी. ती गरोदर बाईला नेते-आणते, आणि तिच्यावर पुष्कळदा चालक एकटाच असतो, सोबत आशाताई. त्याखेरीज द्रुतगती मार्गावरच्या गाड्या. त्याखेरीज दरीत पडलेला, धबधब्यात वाहून गेलेला माणूस वर काढणारे लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखे गिर्यारोहक. त्याखेरीज एकवीरा देवीच्या पायऱ्यांवर कुणाला चक्कर आली तर त्याला खाली आणणारे डोलीवाले, नाणे मावळातल्या एखाद्या कातकरी वाडीवरून झोळीत माणूस घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणणारे शेजारी, आणि फाट्यावर अपघात झाला की सीटवर गोणपाट टाकून जखमीला उचलणारे जीपवाले. या साऱ्यांना मी आज एकाच रांगेत बसवतो. रक्त कुणाचा हुद्दा विचारून हाताला लागत नाही.

यांना धोका कशाचा? असं विचारलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कोरोना येतो. पांढरा पोशाख, चष्मा, नखशिखांत झाकलेला माणूस. साथ येते आणि जाते. रोजचा धोका मात्र बारीक असतो. तो सुईच्या टोकावर असतो.

धावत्या गाडीत शीर शोधणं ही काय गोष्ट आहे, ते ज्यानं केलं त्यालाच कळतं. वाकसईच्या पुढे रस्त्यावर खड्डा येतो, रुग्ण हात झटकतो, नातेवाईक ‘‘लवकर करा’’ म्हणत अंगावर ओणवा झालेला असतो, आणि त्या गडबडीत वापरलेली सुई परत टोपणात घालायचा हात होतो. टोपण घालताना ती दुसऱ्या हाताच्या बोटात जाते. गावठी भाषेत सांगायचं तर रोग तिथे हात धरून येतो. वैद्यकशास्त्रात तीन आकडे शिकवतात: तीस, तीन आणि शून्य पूर्णांक तीन. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीच्या रुग्णाची सुई टोचली, तर शंभरात तीसपर्यंत जणांना लागण होऊ शकते. हिपॅटायटिस सीची साधारण तिनापर्यंत. एचआयव्हीची शंभरात शून्य पूर्णांक तीन, म्हणजे हजारात तीन. आता मला सांगा, आपण सगळे घाबरतो कशाला? एचआयव्हीला. ज्याची शक्यता सगळ्यांत कमी, त्याला. आणि जी शंभरपटीनं जास्त लागू शकते, त्या काविळीची लस दंडात घेता येते, तरी ती घेतली आहे का, हे आपण कुणी विचारत नाही.

एचआयव्हीवरही उपाय आहे. सुई टोचल्यावर जखम साबण-पाण्यानं धुवायची. पिळायची नाही, चोखायची तर नाहीच. शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा बहात्तर तासांत औषध सुरू करायचं आणि अठ्ठावीस दिवस चुकवायचं नाही. सरकारी रुग्णालयात ते फुकट मिळतं. पण रात्री अडीच वाजता पिंपरीला रुग्ण उतरवून परत निघालेला मुलगा बोटाला बँडेज गुंडाळतो आणि पुढच्या कॉलला जातो. नोंद कुणाकडे करायची? केली तर ‘‘हलगर्जीपणा कुणाचा’’ असा प्रश्न येईल, ही भीती असते. बहात्तर तास असेच निघून जातात.

दुसरा धोका खोकल्याचा. क्षयाचे जगातले सुमारे एक चतुर्थांश रुग्ण आपल्या देशात आहेत. गाडीत बसलेला रुग्ण निदान झालेला असेल तर तो औषधावर असतो, त्याची भीती तुलनेनं कमी. भीती त्या रुग्णाची, ज्याचं निदान अजून झालेलं नाही, जो ‘‘दम लागतोय’’ एवढंच सांगून चढतो. कार्ल्याहून पुण्याच्या ससून रुग्णालयाला पन्नास-साठ किलोमीटर. बंद गाडीत तेवढा वेळ तीच हवा आत-बाहेर. क्षयावरचा जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे उघडी खिडकी. पण शेजारी लोणावळ्यात पाऊस चार हजार मिलिमीटरच्या वर. आषाढात खिडकी उघडी ठेवली तर रुग्ण भिजतो, औषधं भिजतात. म्हणून मावळातल्या गाडीत मागचा बाहेर हवा फेकणारा पंखा चालू आहे की नाही, हे मी टायरच्या हवेइतकं महत्त्वाचं मानतो. एसीचं बटण आतलीच हवा फिरवण्यावर असतं, ते बाहेरच्या हवेवर करायचं. आणि मुखपट्टी आधी रुग्णाला. साधी, तीन पदरी. रुग्णाच्या तोंडावरची साधी पट्टी आणि डॉक्टरच्या तोंडावरची एन-९५ ही जोडी चालते. एकट्या एन-९५ वर सारा भार टाकू नये. दाढी राखलेल्यांनी माफ करा, पण दाढीवर एन-९५ बसत नाही. कडेनं हवा शिरते. (हशा) आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोणावळ्यात पर्यटकांच्या गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात अडकलेली रुग्णवाहिका हा केवळ रुग्णाच्या जिवाचा प्रश्न नसतो. प्रत्येक अडकलेल्या मिनिटाला गाडीतली दोन निरोगी माणसं तीच हवा घेत असतात.

तिसरा धोका रस्त्यावरचा. द्रुतगती मार्गावरचा अपघात म्हणजे रक्त, डिझेल आणि काच. नायट्राइलचे निळे हातमोजे रक्त अडवतात, काच अडवत नाहीत. वाकलेल्या पत्र्यातून माणूस काढताना त्यांच्यावरून जाड चामडी मोजे हवेत. ते मिळतात किती गाड्यांत? बाळंतपण तर याहून ओलं. घाटात, भर पावसात, गाडीतच बाई मोकळी झाली की आशाताईच्या कोपरापर्यंत रक्त असतं आणि हातातले मोजे मनगटापर्यंतचे.

इथे थोडं विषयांतर करतो. रबरी हातमोजे दवाखान्यात आले कसे? १८८९-९० च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरला विल्यम हॉल्स्टेड नावाचे शल्यचिकित्सक होते. त्यांच्या शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिकेचे हात जंतुनाशक रसायनानं सोलून निघायचे. त्यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करवून घेतले. (पुढे त्यांनी तिच्याशी लग्न केलं, पण ते आपल्या विषयात बसत नाही.) (हशा) रुग्णाला जंतू लागू नयेत म्हणून मोजे, हे नंतर सुचलं. मोजा मुळात काम करणाऱ्याच्या कातडीसाठी जन्माला आला. आज आपल्याकडे मोज्यांचा खोका खरेदी होतो तो ‘रुग्णसेवा साहित्य’ या सदरात. काम करणाऱ्याचं सदरच नाही.

आणि दुसरी गोष्ट मांचुरियातली. १९१०-११ च्या हिवाळ्यात तिथे फुप्फुसाचा प्लेग पसरला. वू लिएन-तेह या तरुण डॉक्टरनं कापूस आणि जाळीच्या कापडाची मुखपट्टी सक्तीची केली. मेनी नावाचे अनुभवी फ्रेंच डॉक्टर तिथे आले. त्यांना या पोराचं म्हणणं पटलं नाही. ते पट्टी न बांधता रुग्ण तपासायला गेले आणि काही दिवसांत प्लेगनं वारले. मी ही गोष्ट ज्येष्ठ डॉक्टरांसमोर मुद्दाम सांगतो. पुढच्या रांगेत काही बसले आहेत.

आता पांढऱ्या पोशाखाकडे. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले कोरोनाचे रुग्ण सापडले. त्या वेळी असे पोशाख आपल्या देशात जवळपास बनतच नव्हते. काही ठिकाणी डॉक्टरांनी रेनकोट घातल्याच्या बातम्या आल्या. मे महिन्यापर्यंत दिवसाला लाखांनी बनू लागले. हे मोठं काम झालं, त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. पण तो पोशाख गाडीत काय करतो? एकाच मापाचा, म्हणजे बुटक्या डॉक्टरणीच्या पायात येतो आणि उंच चालकाच्या खांद्यात फाटतो. आत घामाची आंघोळ. लघवीला जाता येत नाही. पाळीचे दिवस असले तर त्या मुलीनं काय करायचं, हे पोशाख शिवणाऱ्यांपैकी कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. चष्म्यावर वाफ धरते. खंडाळ्याच्या धुक्यात, रात्री, वाफ धरलेल्या चष्म्यातून गाडी चालवणाऱ्याला जंतूपेक्षा समोरचा कंटेनर आधी गाठेल. म्हणून जगभर सांगतात की चालकानं रुग्ण चढवायला मदत केली की पोशाख आणि मोजे काढावेत, हात स्वच्छ करावेत, तोंडावरची एन-९५ तेवढी ठेवावी आणि मग स्टिअरिंगला हात लावावा. आपल्याकडे उलटं होतं. त्याच रक्ताळलेल्या मोज्यांनी स्टिअरिंग, त्याच मोज्यांनी गिअर, त्याच मोज्यांनी मोबाइल, ‘‘हो साहेब, निघालो.’’ तो मोबाइल रात्री घरी मुलाच्या हातात.

आणि आता मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय विषाणू संस्थेची सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा आहे.  निपाहसारखे विषाणू तिथे हाताळतात. तिथल्या शास्त्रज्ञाच्या अंगावर हवा भरलेला पोशाख असतो. पण त्या जागेचं खरं मर्म पोशाखात नाही, बाहेर पडण्याच्या वाटेत आहे. काम संपलं की त्याला थेट बाहेर येता येत नाही. आधी पोशाखासकट रसायनाची आंघोळ, मग पोशाख उतरवणं, मग स्वतःची आंघोळ, मग आपले कपडे. त्यासाठी वेगळ्या खोल्या आहेत, आणि हा वेळ कामाच्या वेळात धरलेला आहे. कारण शास्त्र असं सांगतं की लागणीचा मोठा धोका असतो तो साधन उतरवताना. घालताना माणूस सावध असतो. उतरवताना तो दमलेला असतो.

आता तोच माणूस कार्ल्याच्या गाडीवर ठेवून बघा. त्याची बाहेर पडण्याची खोली कुठली? रुग्णालयाच्या आवारातला पिंपळाचा पार. त्याचा वेळ कुठला? पुढचा कॉल येईपर्यंतचा.

रुग्ण उतरल्यावर नेमकं काय काय करायला हवं, ते सांगतो. बाहेरचे मोजे आतून बाहेर उलटत काढायचे, लाल पिशवीत टाकायचे. हात धुवायचे. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, टोपण न घालता. रक्तानं भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत. स्ट्रेचरवर रक्त सांडलं असेल तर आधी कापड टाकायचं, त्यावर एक टक्का क्लोरीनचं पाणी ओतायचं आणि दहा मिनिटं तरी थांबायचं. ओतलं आणि लगेच पुसलं तर ते नुसतं वासाचं पाणी. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात सात दिवस जिवंत राहतो. आजचा डाग पुढच्या मंगळवारच्या माणसाला लागू शकतो. ते पाणी रोज ताजं करायचं; चांगली ब्लीचिंग पावडर लिटरला तीस-पस्तीस ग्रॅम. धातू गंजतो, म्हणून नंतर साध्या पाण्यानं पुसायचा. मग दाराच्या कड्या, पट्टे, ऑक्सिजनची चावी, वायरलेस, मोबाइल. दारं उघडी टाकून गाडी मोकळी करायची. शेवटी तोंडावरची पट्टी, आणि पुन्हा हात. हातावर रक्त दिसत असेल तर सॅनिटायझर उपयोगाचं नाही. साबण आणि वाहतं पाणीच लागतं.

घाई न करता याला अर्धा तास लागतो. हा अर्धा तास कुणाच्या हिशेबात आहे? गाडी किती मिनिटांत पोहोचली, याची नोंद असते. ती असलीच पाहिजे. पण ज्या क्षणी रुग्ण उतरला त्या क्षणी गाडी ‘मोकळी’ समजली जाते. ती मोकळी नसते. तिच्यात रक्त असतं. माझं म्हणणं एवढंच आहे: रुग्णवाहिकेवरच्या माणसाकडे आज ज्या साधनाची सगळ्यांत जास्त टंचाई आहे ते दुकानात मिळत नाही. ते साधन म्हणजे हा अर्धा तास, आणि तो घालवायला एक नळ.

कुणी म्हणेल, त्या अर्ध्या तासात दुसरा रुग्ण वाट बघत असेल तर? प्रश्न खरा आहे. टाळता येणार नाही. छातीत कळ आलेल्या माणसासाठी गाडी डागासकट निघेलच, आणि निघावीच. पण प्रत्येक कॉल तसा नसतो. घाई कशाची आणि कशाची नाही, हे ठरवायचा अधिकार गाडीवरच्या डॉक्टरला असला पाहिजे, आणि ‘साफसफाई चालू’ असं त्यानं सांगितलं तर ते कामचुकारपणा म्हणून लिहिलं जाऊ नये.

कायदा यात काही म्हणतो का? म्हणतो, आणि तो सापडतो कुठे? कचऱ्याच्या कायद्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत लिहिलं आहे की हा कचरा हाताळणाऱ्या सर्व आरोग्यसेवकांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, संरक्षक साधनं द्यायची, आणि वर्षातून एकदा तरी तपासणी करायची. कचऱ्याच्या निमित्तानं का होईना, माणसाची आठवण झाली. पण गाडीवरची माणसं कंत्राटी. आज या तालुक्यात, उद्या त्या. लसीचा पहिला डोस एकीकडे होतो, दुसऱ्या वेळी माणूस बदललेला असतो, आणि तिसरा राहूनच जातो.

इथे जमलेल्यांनी काय करायचं? मोठं काही मागत नाही. घरात क्षयाची औषधं चालू असतील तर गाडी आल्यावर दारातच सांगा. लपवल्यानं अब्रू वाचत नाही, डॉक्टरला लागण होते. रुग्णाच्या तोंडाला स्वच्छ पट्टी बांधायला मदत करा. गाडीत एकच नातेवाईक. सुई टोचत असताना डॉक्टरचा हात ओढू नका. आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांना विनंती: महामार्गालगत, गाडी उभी राहील अशा ठिकाणी, एक वाहता नळ, साबण, निचरा होणारी फरशी आणि आडोसा. यात्रेला जेवढा खर्च मंडपाला होतो त्याच्या एका कोपऱ्यात हे बसेल.

लसीचं मात्र मी आजच ठरवून टाकू इच्छितो. सभागृहात १०२ चे चालक आहेत, आशाताई आहेत, डोलीवाले आहेत, दोन जीपवालेही मला दिसतात. हिपॅटायटिस बीचे तीन डोस: पहिला, त्यानंतर एक महिन्यानं दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. आरोग्यसेवकांसाठी ती राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. जीपवाल्यांनी आपल्या खर्चानं घ्यावी किंवा गावानं द्यावी. तारखा लक्षात राहत नाहीत ही तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकली. म्हणून तिथी सांगतो. घटस्थापनेला पहिला. दिवाळीच्या पाडव्याला बरोबर महिना होतो, तेव्हा दुसरा. गुढीपाडव्याला सहा महिने होतात, एकवीरेची चैत्री यात्रा भरायच्या आत तिसरा. मधे अधिक महिना आला तर तिसरा थोडा लांबेल, त्यानं काही बिघडत नाही. डोस उशिरा झाला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचीही गरज नाही. आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास रक्ताची तपासणी, लस अंगी लागली का ते बघायला. प्रतिपिंडांचा आकडा दहाच्या वर हवा. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे, जाताना नाव लिहून जा.